२३० व्होल्ट, २ ओहम, मग करंट ११५ ॲम्पिअर का येत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्याकडून समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच लक्षात येईल. तुमच्याकडे २ एचपीची सिंगल फेज मोटर आहे. सप्लाय २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सप्लाय पूर्ण काढून तुम्ही मल्टीमीटरने वायंडिंगचा रेझिस्टन्स मोजला, तो २ ओहम आला. ओहमच्या नियमाने २३० भागिले २ केलं, उत्तर ११५ ॲम्पिअर. नेमप्लेटवर मात्र १०.५ ॲम्पिअर लिहिलंय. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि १६ ॲम्पिअरचा सी-टाइप एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा स्विच) तुम्ही आणून ठेवलाय, आणि आता केबल जळेल की काय अशी शंका आली आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, व्होल्टेज माहीत असताना करंट काढायचं एकच पक्कं सूत्र का नाही?

नेमप्लेट बरोबर आहे. तुमचा मीटरही बरोबर आहे आणि भागाकारही. पण मीटरने जे मोजलं आणि चालू मोटरमध्ये जे घडतं, त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिकाऊ मुलांना शिकवताना हा गोंधळ मी इतक्या वेळा पाहिलाय की उत्तर थोडक्यात आटोपावंसं वाटत नाही. एकदा नीट समजलं की पुन्हा कुठल्याच लोडला अडणार नाही.

एक साधी गोष्ट आधी. सॉकेटवर २३० व्होल्ट आहेत आणि त्यात काहीच लावलेलं नाही. करंट किती? शून्य. त्याच सॉकेटला ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला तर करंट ॲम्पिअरच्या अगदी छोट्या अंशात येतो, आणि २००० वॅटचा हीटर लावला तर ८.७ ॲम्पिअर. व्होल्टेज तिन्ही वेळा तेच. व्होल्टेज म्हणजे दाब, आणि दाबाखाली किती वाहणार हे पुढे जोडलेली वस्तू ठरवते. त्यामुळे ‘२३० व्होल्टला करंट किती?’ हा प्रश्न अर्धाच आहे. दुसरा अर्धा भाग लोडकडून यावा लागतो. तो कधी ओहममध्ये मिळतो, कधी वॅटमध्ये. वॅट असतील तर पॉवर फॅक्टर (एसीमध्ये व्होल्ट गुणिले ॲम्पिअरपैकी किती भाग खरे वॅट होतात, तो आकडा) आणि कार्यक्षमताही विचारावी लागते. सूत्र एकच का नाही, याचं उत्तर इथे आहे: लोडचे स्वभाव वेगवेगळे आहेत.

सगळ्यांत सरळ स्वभावाचा लोड म्हणजे हीटर. त्यातली नायक्रोमची तार लालबुंद झाली तरी तिचा रेझिस्टन्स फारसा बदलत नाही. २३० व्होल्ट, २००० वॅटचा हीटर असेल तर २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ ॲम्पिअर. रेझिस्टन्स काढला तर २३० भागिले ८.७, साधारण २६.४५ ओहम. थंड असताना मीटरनेही त्याच्या जवळपासचाच आकडा मिळेल. इथे ओहमचा नियम बिनधास्त लावा.

तरी इथेही एक चूक हमखास होते. समजा सप्लाय २०० व्होल्टवर घसरला. बरेच जण २००० भागिले २०० करून १० ॲम्पिअर सांगतात, म्हणजे व्होल्टेज कमी झालं तर करंट वाढला. हीटरच्या बाबतीत हे चूक आहे. लेबलावरचे २००० वॅट हे २३० व्होल्टलाच आहेत. कायम राहतो तो रेझिस्टन्स. म्हणून २०० भागिले २६.४५, म्हणजे ७.५६ ॲम्पिअर, आणि पॉवर उरते साधारण १५१२ वॅट. पाणी तापायला वेळ लागतो तो त्यामुळेच.

आता त्याच पडलेल्या व्होल्टेजवर लॅपटॉपचा चार्जर घ्या. आतलं सर्किट बॅटरीला लागणारी पॉवर काही झालं तरी पुरवायचं ठरवून बसलेलं असतं. व्होल्टेज कमी झालं की ते करंट जास्त ओढतं. पूर्ण लोडवर चालणारी इंडक्शन मोटरही बहुतेक वेळा तसंच करते, कारण शाफ्टवरचं काम तेवढंच असतं. दाब कमी झाला की हीटरचा करंट उतरतो, चार्जरचा आणि भरल्या मोटरचा चढतो. कमी व्होल्टेजमध्ये मोटर का जळते, हे ज्याला कळत नाही त्याने बहुधा तिला मनात हीटर धरलेलं असतं.

तुमच्या शंकेच्या अगदी जवळ जाणारं एक उदाहरण म्हणजे जुना फिलामेंटचा बल्ब. ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टला ०.२६ ॲम्पिअर घेतो, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स ८८० ओहमच्या घरात असायला हवा. होल्डरमधून काढून मोजा, ६०-७० ओहम दाखवेल. ६५ धरून भागाकार केला तर साडेतीन ॲम्पिअर, म्हणजे तेरापट जास्त. फिलामेंट टंगस्टनचं असतं. पेटल्यावर ते २५०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि त्याचा रेझिस्टन्स दहा-पंधरा पट होतो. मीटरने थंड फिलामेंट मोजलं. ते साडेतीन ॲम्पिअरही खोटे नाहीत, पण ते बटण दाबल्यानंतरच्या अगदी पहिल्या क्षणापुरते. असे बल्ब बहुधा लावतानाच का जायचे, हेही यावरून कळतं.

म्हणजे रेझिस्टन्स मोजताना विचारायचा पहिला प्रश्न हा, की मी ही वस्तू ज्या स्थितीत मोजतोय त्याच स्थितीत ती चालते का?

मोटरचं उत्तर दोन पायऱ्यांत येतं. पहिली पायरी कॉइलची. मल्टीमीटर ओहम मोजताना डीसी वापरतो. तुमची मोटर एसीवर चालते. लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या तारेतून एसी गेला की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्यात स्वतःचं उलटं व्होल्टेज तयार होतं आणि ते करंटला आडवं येतं. या अडथळ्याला रिॲक्टन्स म्हणतात. डीसीला तो अडथळा दिसतच नाही, म्हणून मीटरलाही दिसत नाही. कॉइलचा रिॲक्टन्स म्हणजे २ × ३.१४ × फ्रीक्वेन्सी × इंडक्टन्स. इंडक्टन्स म्हणजे कॉइलचा हे उलटं व्होल्टेज तयार करण्याचा गुण, तो हेन्रीमध्ये मोजतात. रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स यांची साधी बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग करायचे, मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. येतो तो इम्पीडन्स. तोही ओहममध्येच असतो, आणि एसीमध्ये भागायचं ते त्याने.

समजा एका कॉइलचा रेझिस्टन्स १० ओहम आणि इंडक्टन्स ०.१ हेन्री आहे. ५० हर्ट्झला रिॲक्टन्स ३१.४ ओहम. इम्पीडन्स १०० अधिक ९८६ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३३ ओहम. २३० व्होल्ट एसीवर करंट ७ ॲम्पिअर. हीच कॉइल २३० व्होल्ट डीसीवर लावली तर २३ ॲम्पिअर जातील आणि ती काही वेळात जळून जाईल. तार तीच, व्होल्टेजचा आकडाही तोच.

हे मला पुस्तकापेक्षा एका पॅनेलने जास्त पक्कं शिकवलं. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. एका कॉन्टॅक्टरची, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढून चालू होणाऱ्या मोठ्या स्विचची, २३० व्होल्ट एसीची कॉइल वारंवार जळत होती. मी प्रत्येक नव्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजायचो, तो अगदी बरोबर यायचा. व्होल्टेजही बरोबर होतं. दोन कॉइल गेल्यावर एका वयस्कर फिटरने कॉन्टॅक्टर उघडायला लावला. गाभ्याच्या दोन भागांमध्ये चिकट धूळ बसली होती आणि तो पूर्ण मिटत नव्हता. गाभा उघडा राहिला की इंडक्टन्स कमी, इंडक्टन्स कमी की रिॲक्टन्स कमी, आणि करंट कितीतरी पट. कॉइलचे ओहम शेवटपर्यंत तेच होते. त्या दिवसापासून एसी कॉइलच्या बाबतीत मीटरच्या ओहमवरून मी फक्त एवढंच ठरवतो की तार तुटलेली नाही आणि वेढे सरळसरळ शॉर्ट झालेले नाहीत.

दुसरी पायरी फिरण्याची. ही डीसी मोटरवर सोपी दिसते. २४ व्होल्टची मोटर, आर्मेचरचा, म्हणजे फिरणाऱ्या वायंडिंगचा, रेझिस्टन्स ०.५ ओहम. भागाकार केला तर ४८ ॲम्पिअर. चालताना मात्र ती समजा ४ ॲम्पिअर घेते. का? मोटर फिरते तेव्हा ती त्याच वेळी जनरेटरही असते, आणि सप्लायच्या विरुद्ध स्वतःचं व्होल्टेज तयार करते. इथे ते २२ व्होल्ट आहे. तारेच्या रेझिस्टन्सवर उरतात फक्त २ व्होल्ट, आणि २ भागिले ०.५ म्हणजे ४ ॲम्पिअर. ओहमचा नियम मोडला नाही. आपण त्यात चुकीचं व्होल्टेज घातलं होतं. शाफ्ट हाताने धरून थांबवला तर उलटं व्होल्टेज शून्य होतं आणि खरोखर ४८ ॲम्पिअरकडे करंट जातो. अडकलेली मोटर मिनिटाभरात का धुरावते, ते यावरून समजेल.

तुमच्या इंडक्शन मोटरमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र घडतात. रोटर (फिरणारा भाग) फिरत असताना स्टेटरमधलं (स्थिर भागाच्या वायंडिंगमधलं) उलटं व्होल्टेज सप्लायच्या जवळपास असतं आणि करंट १०.५ वर बसतो. बटण दाबल्याच्या क्षणी रोटर उभा असतो. तेव्हा ती सेकंडरी (बाहेर सप्लाय देणारी बाजू) शॉर्ट केलेल्या ट्रान्सफॉर्मरसारखी वागते, आणि पूर्ण लोडच्या करंटच्या पाच-सहा पट, तुमच्या मोटरला अंदाजे ५५ ॲम्पिअर, सेकंद-दोन सेकंद जातात. तेव्हाही ११५ जात नाहीत, कारण उभ्या मोटरलाही थोडा रिॲक्टन्स आणि रोटरचा रेझिस्टन्स असतोच. २३० भागिले ५५ करून पाहा, ४.२ ओहम येतात. तुमच्या २ ओहमपेक्षा दुपटीहून जास्त.

मग मोटरचा करंट मोजण्याआधी काढायचा कसा? ओहम सोडून द्या आणि कामाकडून या. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, आणि मोटरवर लिहिलेले एचपी किंवा किलोवॅट हे शाफ्टवर मिळणारे असतात, सप्लायमधून घेतलेले नव्हेत. २ एचपी म्हणजे १४९२ वॅट बाहेर. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर आत जायला हवेत १९९० वॅट. पॉवर फॅक्टर ०.८२ धरला, तर करंट म्हणजे १९९० भागिले (२३० × ०.८२), सुमारे १०.५ ॲम्पिअर. नेमप्लेट जुळली. तुमच्या मोटरचा पॉवर फॅक्टर आणि कार्यक्षमता नेमप्लेटवर दिली असेल तर तीच घ्या. लहान सिंगल फेज मोटरमध्ये हे आकडे बनावटीनुसार बरेच बदलतात. नुसतं १४९२ भागिले २३० केलंत तर ६.५ येतील, आणि त्यावर घेतलेली सगळी मापं लहान पडतील.

थ्री फेज असेल तर छेदात √३, म्हणजे १.७३२, आणखी येतं, आणि व्होल्टेज दोन फेजमधलं घ्यायचं. ७.५ किलोवॅट, ४०० व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८५, कार्यक्षमता ८८ टक्के: साडेचौदा ॲम्पिअर. ४०० व्होल्टच्या मोटरला किलोवॅटमागे साधारण २ ॲम्पिअर, हा तोंडी हिशोब यातूनच आलाय.

इथवरचं थोडक्यात: रेझिस्टन्स न बदलणारा लोड असेल तर ओहमचा नियम सरळ लावा. वॅट दिले असतील तर ते कुठल्या व्होल्टेजला आणि आतले की बाहेरचे, हे पाहा. एसी कॉइल असेल तर इम्पीडन्स. फिरणारी वस्तू असेल तर नेमप्लेट आणि पॉवरचा हिशोब.

मग तुमचे २ ओहम वाया गेले का? अजिबात नाही. वायंडिंगमध्ये उष्णता किती तयार होते हे त्यांच्याकडूनच कळतं. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स: १०.५ × १०.५ × २, म्हणजे सुमारे २२० वॅट. मोटरच्या आतली एकूण तूट साधारण ५०० वॅट आहे, त्यातला जवळपास निम्मा भाग हा. दुसरा उपयोग मला फार आवडतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. मोटर थंड असताना २ ओहम आणि तासभर लोडवर चालवून बंद केल्याबरोबर २.५ ओहम आला, तर वाढ २५ टक्के, म्हणजे वायंडिंग ६५ अंशांच्या आसपास तापलंय. भोवतालचं तापमान ३० असेल तर आत ९५. इन्सुलेशन बी क्लासचं असेल तर मर्यादा १३०, एफ क्लासचं असेल तर १५५. म्हणजे चिंता नाही. मात्र इतक्या कमी ओहमला साध्या मीटरच्या प्रोबच्या तारांचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओहम असतो. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो आधी वजा करा. अचूक काम करायचं असेल तर चार तारांनी मोजणारा मीटर लागतो.

आता व्होल्टेजकडे वळतो, कारण तिथेही तुम्ही २३० हा आकडा गृहीत धरलाय. ओहमच्या नियमातलं व्होल्टेज म्हणजे त्याच वस्तूच्या दोन टोकांमधलं, आणि करंट वाहत असतानाचं. ४ आणि ८ ओहमचे दोन रेझिस्टर १२ व्होल्टला एकापुढे एक जोडले तर करंट १ ॲम्पिअर. ८ ओहमवर १२ व्होल्ट नसतात, ८ असतात. एलईडीला ५ व्होल्टवरून ३३० ओहममधून करंट दिला तर ५ भागिले ३३० करायचं नाही. लाल एलईडी स्वतःवर साधारण २ व्होल्ट ठेवून घेतो, रेझिस्टरवर उरतात ३, म्हणून करंट ९ मिलिॲम्पिअर.

सप्लायचंही तसंच. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि पेन्सिल सेल आठ जोडून केलेली १२ व्होल्टची रांग, मीटरवर दोन्ही सारख्याच दिसतात. स्टार्टर मात्र फक्त पहिलीवर फिरतो. गाडीच्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स काही मिलिओहम असतो, सेलच्या रांगेचा ओहमच्या वर. म्हणून सेलच्या रांगेतून शॉर्ट करूनही दहा ॲम्पिअरच्या आसपासच निघतात. हा आतला रेझिस्टन्स खुद्द ओहमलाही नडला होता. त्या काळच्या बॅटरीचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच घसरायचं, आकडे जुळायचे नाहीत. मग १८२६ मध्ये त्याने बॅटरी सोडून बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल (दोन धातूंचा जोड, टोकांच्या तापमानातल्या फरकाने व्होल्टेज देणारा) वापरलं, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. व्होल्टेज स्थिर मिळालं आणि मगच तो नियम स्वच्छ दिसला. १८२७ मध्ये त्याने तो सविस्तर छापला. व्होल्टेज खरोखर किती आहे हे नक्की केल्याशिवाय करंटबद्दल बोलू नये, ही शिस्त नियमाच्या जन्मापासूनची आहे.

तुमच्या कामात सप्लाय आणि मोटर यांच्या मध्ये बसलाय तो केबलचा रेझिस्टन्स, आणि तुम्ही केबलची लांबी लिहिलेली नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत महत्त्वाची माहिती तीच आहे. तांब्याचा हिशोब असा: ०.०१७२ गुणिले लांबी मीटरमध्ये, भागिले क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. लांबी जाऊन-येऊन धरायची. मोटर ३० मीटरवर असेल तर ६० मीटर तार, ०.४१ ओहम. १०.५ ॲम्पिअरला ४.३ व्होल्ट पडतील. काहीच हरकत नाही.

मोटर १५० मीटरवर असेल तर तार ३०० मीटर, आणि रेझिस्टन्स २.०६ ओहम. चालताना साडेएकवीस व्होल्ट वाटेतच जातील, मोटरला मिळतील २०८. ते एक वेळ चालेल. खरी अडचण सुरू होताना येते. वाटेत २ ओहम आले की सुरुवातीचा करंट ५५ वरून साधारण ४० वर येतो. ऐकायला बरं वाटतं, पण मोटरच्या टर्मिनलवर त्या वेळी १७० व्होल्टच्या आसपासच उरतात, आणि सुरुवातीचा टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटून जवळपास निम्म्यावर येतो. लोड जड असेल तर मोटर नुसती घुं करते, उचलत नाही. मग लोक कपॅसिटर बदलतात, बेअरिंग बदलतात, मोटर रिवाइंड करायला टाकतात. मी अशा ठिकाणी सगळ्यांत आधी स्टार्ट करताना मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघतो.

केबल करंटला पुरेल का, हा तुमचा मूळ प्रश्न होता. २.५ चौरस मिलिमीटर १०.५ ॲम्पिअर सहज पेलते, आणि सेकंद-दोन सेकंदांचे ५५ ॲम्पिअरही तिला काही करत नाहीत. सी-टाइप एमसीबीची निवडही बरोबर आहे. १६ ॲम्पिअरचा बी-टाइप ४८ ते ८० ॲम्पिअरच्या दरम्यान झटक्यात पडतो, त्यामुळे ५५ ला तो कधी पडेल, कधी राहील. सी-टाइपला तेच ८० ते १६०, म्हणून मोटर निवांत सुरू होईल. फक्त एवढं लक्षात ठेवा की हा एमसीबी केबलचं रक्षण करतो, मोटरचं नाही. मोटर १३ ॲम्पिअर ओढत राहिली तर वायंडिंग जाईल आणि एमसीबी जागचा हलणार नाही. त्यासाठी १०.५ वर सेट केलेला ओव्हरलोड रिले लावा, म्हणजे करंट त्याच्या वर टिकून राहिला तर तो मोटर बंद करेल.

प्रत्यक्ष करंट क्लॅम्प मीटरने बघा, ज्याला जुने लोक टाँग टेस्टर म्हणतात. जबड्यात एकच तार घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घेतलेत तर शून्य दिसेल, कारण दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. करंट अगदी कमी असेल तर तारेचे दहा वेढे जबड्यातून काढा आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा. मल्टीमीटरचा ॲम्पिअरचा सॉकेट वापरत असाल तर तो सर्किटच्या मध्ये, मालिकेत यायला हवा. त्याच सेटिंगवर प्रोब फेज-न्यूट्रलला लावल्याने मीटर हातात फुटलेले मी पाहिलेत. म्हणून चालू सप्लायवरचं मोजमाप सवय नसेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि एक, मोटर लोडशिवाय चालवून ‘निम्म्याहून जास्त करंट घेते, बिघडली आहे’ असं ठरवू नका. लहान सिंगल फेज मोटर रिकामी असतानाही तेवढा करंट घेते. तो चुंबकीय क्षेत्र उभं करण्यात जातो आणि त्या वेळी पॉवर फॅक्टर खूप कमी असतो.

आता तुमच्या ११५ ॲम्पिअरकडे परत येतो, कारण त्या आकड्याला एका ठिकाणी खरा अर्थ आहे. १५० मीटर लांब केबलच्या टोकाला फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले असं समजा. तिथे ना रिॲक्टन्स, ना उलटं व्होल्टेज. फक्त तांबं. २३० भागिले २.०६, म्हणजे १११ ॲम्पिअर, जवळजवळ तुमचंच उत्तर. सी-टाइप १६ चा एमसीबी झटक्यात पडण्याची खात्री १६० ला आहे. १११ ला तो लगेच पडेलही, किंवा आतल्या तापून वाकणाऱ्या पट्टीवर काही सेकंद घेईल, आणि तेवढा वेळ त्या शॉर्टवर ठिणग्या उडत राहतील. ३० मीटरवर हाच हिशोब साडेपाचशे ॲम्पिअरच्या वर जातो आणि एमसीबी क्षणात पडतो. लांब अंतराला ६ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर रेझिस्टन्स ०.८६ ओहम होतो, शॉर्टचा करंट २६७ ॲम्पिअर, आणि चालताना व्होल्टेज फक्त ९ ने पडतं. सप्लायचा स्वतःचा इम्पीडन्स यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्ष करंट याहून थोडा कमीच येईल.

तेव्हा कळवा: एमसीबीपासून मोटरपर्यंत केबल किती मीटर आहे, आणि मोटर सुरू होताना व चालताना तिच्या टर्मिनलवर व्होल्टेज किती येतं. ५० मीटरच्या आत असाल तर तुम्ही आणलेलीच केबल टाका. त्यापुढे असाल तर टाकण्याआधी थांबा, आकडे आले की मापाचा हिशोब करून देतो.